प्यादीं राखण्याचा डाव

बुद्धिबळाच्या पटावर प्याद्याला कोणी फारसें मोजीत नाहीं. राजा वांचावा म्हणून वजीर खर्ची पडतो, वजीर वांचावा म्हणून हत्ती-घोडे पुढें होतात, आणि या सर्वांच्या सोयीसाठीं प्यादीं तर बिनदिक्कत मारूं दिलीं जातात. परंतु ज्या डावांत राजा मुळींच नाहीं, वजीर आणि घोडे केवळ पहाऱ्यासाठीं आहेत, आणि मंदगतीनें चालणारीं प्यादीं पलीकडच्या कांठाला सुखरूप लावणें एवढाच ज्यांत विजय आहे, असाहि एक डाव इतिहासांत खेळला गेला आहे. इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं, १९४२ पासून १९४५ पर्यंत, एका कचेरीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, जमिनीवर चौकटी आंखून हा डाव मांडला जाई. त्यांतील प्यादीं म्हणजे मालवाहू जहाजें. खोलींत तीं मारलीं गेलीं तर खडूच्या चार रेघा पुसून डाव पुन्हां मांडतां येई. समुद्रांत मारलीं गेलीं तर माणसें बुडत. समुद्रावर व्हावयाची चूक आधीं खोलींत होऊन जावी, यासाठीं हा सारा खटाटोप होता.

दुसरें महायुद्ध सुरू झालें तेव्हां ब्रिटन आपल्या अन्नाच्या मोठ्या हिश्श्यासाठीं आणि खनिज तेलाच्या जवळजवळ सगळ्या पुरवठ्यासाठीं परदेशांवर अवलंबून होता. शांततेच्या काळांत वर्षाकांठीं ५ कोटि टनांहून अधिक माल त्याच्या बंदरांत उतरे. गहूं, मांस, साखर, लांकूड, लोखंड, पेट्रोल हें सारें ज्या जहाजांतून येई तीं लढाऊ नव्हतीं. त्यांपैकीं पुष्कळशीं जुनीं, बेढब आणि ताशीं सात-आठ सागरी मैलांपलीकडे न पळणारीं अशीं होतीं. जर्मन पाणबुडीदलाचे प्रमुख कार्ल ड्यॉनिट्स यांचा हिशेब सरळ होता. ब्रिटनच्या बलाढ्य आरमाराशीं झुंजत बसण्याचें कारण नाहीं. नवीं जहाजें जितक्या वेगानें बांधलीं जातात त्याहून अधिक वेगानें जहाजें बुडवीत जावें, म्हणजे शत्रूचे हात आपोआप टेंकतील. १९४२ या एका वर्षांत जर्मनी आणि तिचे साथीदार यांच्या पाणबुड्यांनीं हजारावर जहाजें बुडविलीं. त्यांचा एकंदर टनभार ६० लाखांहून अधिक होता.

हीं जहाजें चालविणारे लोक कोण होते, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे. युद्धाच्या आधींच्या वर्षांत ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील खलाशांत सुमारें चतुर्थांश भारतीय होते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील खेड्यांतून आणि गोव्यांतून मुंबईस येऊन बोटीवर चढणाऱ्यांचा त्यांत मोठा भरणा असे. सारंग, टंडेल, भंडारी, आगवाले अशा हुद्द्यांवर ते राबत. टॉर्पेडो इंजिनाच्या खोलीला लागला म्हणजे खालीं भट्टीपाशीं काम करणाऱ्यांना वर येण्यास सवडहि मिळत नसे. या युद्धांत सहा हजारांहून अधिक भारतीय व्यापारी खलाशी मृत्यु पावले.

राखणदार नसले म्हणजे काय होतें, याचें एक हृदयद्रावक उदाहरण 'सिटी ऑफ बेनारस' या बोटीचें आहे. १९४० च्या सप्टेंबरांत ही बोट एका काफिल्याबरोबर लिव्हरपूलहून कॅनडाकडे निघाली. बाँबवर्षावापासून दूर न्यावयाचीं ९० मुलें तिच्यावर होतीं. खलाशांत भारतीय पुष्कळ होते. पहिले कांहीं दिवस युद्धनौका राखणीला होत्या. पुढें ठरल्याप्रमाणें त्या दुसऱ्या काफिल्याला सामोऱ्या जाण्यासाठीं निघून गेल्या. त्यानंतर पुरता एक दिवसहि लोटला नाहीं तोंच, रात्रीच्या वेळीं पाणबुडीचा टॉर्पेडो लागून बोट बुडाली. ९० मुलांपैकीं ७७ दगावलीं. एकंदर मृतांचा आंकडा अडीचशेंच्या वर गेला. ४६ माणसांनीं भरलेली एक होडी आठ दिवस समुद्रावर तरंगत राहून अखेर वांचली. तींतील निम्म्याहून अधिक माणसें भारतीय खलाशी होते.

जहाजांनीं एकेकटें न जातां काफिला करून जावें, ही युक्ति जुनीच. अटलांटिकवरील काफिला म्हणजे समुद्रावर सरकणारा एक आडवा आयतच. समजा, ४५ जहाजें आहेत. त्यांच्या नऊ-दहा उभ्या रांगा करीत, आणि प्रत्येक रांगेंत चार-पांच जहाजें एकामागून एक चालत. दोन रांगांमध्यें सुमारें १००० यार्डांचें अंतर असे. म्हणजे काफिल्याची रुंदी चार सागरी मैलांच्या वर जाई आणि खोली दोन मैलांच्या आंत राही. याचें कारण असें कीं, जहाजाची लांब कूस बाजूनें दिसते. काफिल्याची बाजू जितकी आंखूड तितकें पाणबुडीला लक्ष्य कमी. तेलाचीं आणि दारूगोळ्याचीं जहाजें मधल्या रांगांत घालीत. या आयताची कडा सुमारें १२ मैलांची, आणि तिच्या राखणीला बहुधा सहा-सात लहान युद्धनौका. त्या कांहीं अंतर राखून बाहेरून फिरत, त्यामुळें एकेकीच्या वांट्याला दोन मैलांहून बरेंच अधिक पाणी येई. आणि तेंहि काळोखांत, वादळांत, सगळे दिवे मालवून राखावयाचें.

येथें शाळेंतील भूमिति उपयोगी पडते. आयताच्या दोन्ही बाजू दुप्पट केल्या तर त्यांत जहाजें चौपट मावतात, पण कडा मात्र दुप्पटच होते. आणि राखण करावयाची असते ती कडेची. भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट आणि त्यांचे सहकारी यांनीं काफिल्यांच्या नोंदी तपासून हेंच दाखविलें कीं, मोठ्या काफिल्यांत जहाजांचें शेंकडा नुकसान कमी होतें. लहान काफिला अधिक सुरक्षित, ही आधींची समजूत १९४३ मध्यें मागें पडली.

परंतु कडा राखणाऱ्याला चोर दिसला तर पाहिजे! 'पाणबुडी' हें नांवच थोडें फसवें आहे. त्या काळची जर्मन पाणबुडी पाण्याखालीं मंद आणि जवळजवळ आंधळी असे. तिची खरी चपळाई पृष्ठभागावर. वर आली म्हणजे ती ताशीं १७ सागरी मैल जाई, आणि तिचा पाठलाग करणारी 'कॉर्व्हेट' जातीची रक्षकनौका १६ च मैल. 'ॲस्डिक' नांवाचें ध्वनियंत्र पाण्यांत बुडालेल्या पाणबुडीचा प्रतिध्वनि टिपी, परंतु वर तरंगणाऱ्या पाणबुडीपुढें त्याचें फारसें चालत नसे. म्हणून पाणबुड्या रात्रीं वर येऊन हल्ला करीत. एक पाणबुडी काफिल्याच्या मागावर राही, बिनतारी संदेशानें इतरांस बोलावी, आणि कळप जमला म्हणजे लांडग्यांप्रमाणें साऱ्या तुटून पडत. जहाज पेटलेलें सर्वांना दिसे; मारणारा कोठें आहे तें मात्र कोणास कळत नसे.

१९४२ च्या जानेवारींत गिल्बर्ट रॉबर्ट्स नांवाचे एक आरमारी अधिकारी लिव्हरपूल येथील 'डर्बी हाऊस' या इमारतींत दाखल झाले. ब्रिटनच्या पश्चिमेकडील सागरी वाटांचें रक्षण करणाऱ्या सेनापतीचें ठाणें तेथें होतें. रॉबर्ट्स यांचें वय ४१ वर्षांचें. क्षयरोगामुळें १९३८ सालीं त्यांना आरमारांतून निवृत्त व्हावें लागलें होतें. पण त्याआधीं पोर्टस्मथ येथील डावपेंचांच्या शाळेंत नौकायुद्धाचे खेळ मांडण्याचा त्यांनीं चांगला अभ्यास केला होता. आतां त्यांच्यावर सोंपविलेलें काम असें कीं, काफिल्यांवर हल्ला नेमका कसा होतो याचा छडा लावावा, आणि त्यावरचा उपाय रक्षकनौकांच्या अधिकाऱ्यांना शिकवावा. हाताखालीं मिळाल्या त्या आरमाराच्या स्त्रीदलांतील थोड्या तरुण मुली. त्यांच्यापैकीं बहुतेकींना समुद्रावरच्या लढाईचा कसलाहि अनुभव नव्हता. कित्येकी तर नुकत्याच शाळेंतून बाहेर पडलेल्या. हिशेबांत तरबेज असलेल्या कुमारी जीन लेडलॉ आणि कुमारी जॅनेट ओकेल या त्यांपैकींच.

खेळाची मांडणी साधी होती. मोठ्या खोलीच्या लिनोलियम अंथरलेल्या जमिनीवर चौकटी आंखल्या. इवलींशीं जहाजें काफिल्याच्या आकारांत मांडलीं. भोंवतालीं कॅनव्हासचे पडदे लावले आणि त्यांना बारीक फटी ठेविल्या. रक्षकनौकांचे कप्तान म्हणून खेळणारे अधिकारी या पडद्यांआड बसत. फटींतून जेवढें दिसेल तेवढेंच त्यांनीं पाहावें, कारण काळ्याकुट्ट रात्रीं जहाजावरून तितकेंच दिसतें. एक खेळी म्हणजे समुद्रावरचीं दोन मिनिटें. तेवढ्यांत निर्णय घेऊन हुकूम चिठ्ठीवर लिहावयाचा. मुली ती चिठ्ठी नेऊन त्याप्रमाणें जहाज सरकवीत आणि त्याची वाट खडूनें रेखीत. रक्षकांच्या वाटा पांढऱ्या खडूनें, पाणबुडीची वाट हिरव्या खडूनें. पडद्याआडून तिरकस पाहणाऱ्याला ती हिरवी रेघ त्या जमिनीवर दिसत नसे. डाव संपला म्हणजे सर्वांना पटाभोंवतीं उभें करीत. मग आपण पाणबुडीच्या किती जवळून गेलों आणि कोणत्या क्षणीं तिच्याकडे पाठ केली, हें ज्याचें त्याला हिरव्या-पांढऱ्या रेघांत स्पष्ट वाचतां येई.

पहिला प्रश्न घेतला तो ताज्या लढाईचा. डिसेंबर १९४१ मध्यें 'एच. जी. ७६' हा ३२ जहाजांचा काफिला जिब्राल्टरहून इंग्लंडकडे निघाला होता. त्याचे रक्षकप्रमुख कमांडर वॉकर हे निधड्या छातीचे अधिकारी. त्यांच्या नौकांनीं चार पाणबुड्या बुडविल्या. दोन युद्धनौका गमावल्या, पण व्यापारी जहाजें दोनच गेलीं. एखाद्या जहाजाला टॉर्पेडो लागतांच वॉकर यांच्या नौका काफिल्यापासून बाहेरच्या दिशेनें वेगानें सुटत, आकाशांत प्रकाशगोळे उडवीत आणि पाण्यांत स्फोटक पिंपें टाकीत. या युक्तीला 'बटरकप' म्हणत. मारणारा काफिल्याच्या बाहेर, बाजूला कोठेंतरी असला पाहिजे, असें यांत गृहीत धरलेलें होतें.

रॉबर्ट्स यांना खटकलें तें 'ॲनाव्होर' या नॉर्वेच्या जहाजाचें बुडणें. तें काफिल्याच्या मधल्या रांगेंत होतें. बाहेरून सोडलेला टॉर्पेडो इतक्या रांगा चुकवून नेमका मधल्या जहाजाला कसा लागला? त्यांनीं पट मांडला, आणि मुलींच्या मदतीनें पाणबुडी बाहेर निरनिराळ्या ठिकाणीं ठेवून पाहिली. कोठूनहि गणित समाधानकारक जुळेना. मग एकच उत्तर उरलें: पाणबुडी काफिल्याच्या आंतच होती. ती आंत शिरली कोठून? पहारेकऱ्यांची नजर पुढें आणि दोन्ही बाजूंस. मागें कोण पाहतो? काफिला सात मैलांनीं चाललेला, पाणबुडी सतरा मैलांनीं. ती पृष्ठभागावरून मागच्या बाजूनें रांगांत शिरे, जवळून मारी आणि मग बुडी घेऊन स्वस्थ पडून राही. काफिला तिच्या डोक्यावरून निघून जाई. रक्षक दूर बाहेर पाणी घुसळीत असतांना ही पिछाडीला अलगद मोकळी!

रोगाचें निदान झाल्यावर औषध दूर नव्हतें. चोर जेथें उरणार तेथेंच त्याला गांठावयाचें. एका शब्दाचा हुकूम होतांच सगळ्या रक्षकनौकांनीं ठरीव वेगानें काफिल्याच्या पिछाडीकडे वळावें आणि आंखून दिलेल्या त्रिकोणी वाटांनीं ध्वनियंत्र चालवीत तेथलें पाणी धुंडाळावें. वेग मुद्दाम बेताचा ठेवावयाचा, कारण नौका फार जोरांत पळाली तर तिच्याच खळखळाटांत यंत्राला कांहीं ऐकूं येत नाहीं. या युक्तीला 'रास्पबेरी' हें नांव जीन लेडलॉ यांनीं सुचविलें. इंग्रजींत हें एका फळाचें नांव तर आहेच, शिवाय ओंठांनीं फुर्रकन काढलेल्या कुचेष्टेच्या आवाजालाहि तेंच म्हणतात. हिटलरला दाखविलेली ती एक वाकुलीच होती म्हणाना! सेनापति ॲडमिरल सर पर्सी नोबल यांना प्रथम या खेळाचें फारसें कौतुक नव्हतें. परंतु जमिनीवरचा प्रयोग डोळ्यांनीं पाहिल्यावर त्यांचें मत पालटलें आणि ही युक्ति काफिल्यांच्या रक्षकांना शिकविण्यांत येऊं लागली.

त्यानंतर दर आठवड्याला अधिकाऱ्यांची नवी तुकडी येई आणि सहा दिवस शिकून समुद्रावर परते. युद्ध संपेपर्यंत सुमारें ५००० अधिकारी या खोलींतून गेले. त्यांना शिकविण्याच्या कामीं ६६ स्त्रिया लागल्या होत्या. ज्यांच्या नौकांखालून प्रत्यक्ष टॉर्पेडो गेले होते, अशा दर्यावर्दी कप्तानांना वीस वर्षांच्या मुलींनीं डाव शिकवावा, हें आरंभीं कित्येकांना रुचणें कठीणच होतें. पण पुन्हां पुन्हां तोच हल्ला मांडून, तीच फसगत शेंकडों वेळां पाहून या मुलींची नजर अशी तयार झाली कीं, पडद्याआडचा कप्तान गोंधळला म्हणजे त्या हळूच त्याला योग्य वाट सुचवीत.

नोव्हेंबर १९४२ मध्यें नोबल यांच्या जागीं ॲडमिरल सर मॅक्स हॉर्टन आले. ते पहिल्या महायुद्धांतील नामांकित पाणबुडीकप्तान. त्यांनीं स्वतः पाणबुडीचा कप्तान होऊन हा डाव खेळून पाहिला, अशी एक आठवण नमूद आहे. पांच वेळां खेळले आणि पांचहि वेळां बुडाले. चिडून, समोरच्याला आपल्या खेळ्या दिसतात असा त्यांनीं आरोप केला. तेव्हां समोरचा खेळाडू पडद्याआडून बाहेर बोलाविण्यांत आला. ती होती जॅनेट ओकेल. हॉर्टन यांना हंसूं आलें कीं राग, हें बाजूला राहूं द्या. पुढें ते या खोलीचे खंबीर पाठीराखे झाले हें मात्र खरें.

या शिक्षणाची खरी कसोटी १९४३ च्या वसंतांत लागली. एप्रिलच्या अखेरीस 'ओ. एन. एस. ५' हा ४० हून अधिक जहाजांचा मंद काफिला ब्रिटनहून अमेरिकेच्या बाजूस निघाला. रक्षकप्रमुख कमांडर पीटर ग्रेटन हे लिव्हरपूलच्या त्या खोलींत शिकून गेलेले. वादळानें काफिला विस्कटला. समुद्र इतका खवळलेला कीं, ग्रेटन यांच्या विनाशिकेला वाटेंत तेल भरून घेतां येईना, आणि ऐन संकटाच्या तोंडावर त्यांना काफिला सोडून बंदर गांठावें लागलें. सूत्रें आलीं तीं राखीव दलांतील लेफ्टनंट-कमांडर शेरवुड यांच्या हातीं. समोर सुमारें ४० पाणबुड्या जमल्या होत्या. सेनापति निघून गेल्यावर फौज मोडते, असे दाखले इतिहासांत थोडे नाहींत. येथें तसें झालें नाहीं. प्रत्येक नौकेवरच्या अधिकाऱ्याला कोणत्या हुकुमाला कोठें वळावयाचें हें ठाऊक होतें. ४ मेच्या रात्रीं आणि दुसऱ्या दिवशीं एकामागून एक जहाजें बुडालीं. परंतु ५ मेच्या रात्रीं दाट धुकें उतरलें. रक्षकांजवळ रडार होतें आणि पाणबुड्या चांचपडत होत्या. त्या रात्रीं दोन डझनांच्या आसपास हल्ले झाले. एकहि व्यापारी जहाज गेलें नाहीं, उलट पाणबुड्याच बुडूं लागल्या. सर्व मिळून या काफिल्याचीं १३ जहाजें गेलीं, पण जर्मनांनीं निदान सहा पाणबुड्या गमावल्या.

त्याच महिन्यांत ग्रेटन यांनीं 'एस. सी. १३०' हा काफिला ब्रिटनकडे आणला. त्यांचें लग्न ठरलेलें होतें आणि त्यांना वेळेवर पोहोंचावयाचें होतें. वाटेंत अनेक पाणबुड्या आडव्या आल्या. पण त्या काफिल्यांतील एकहि जहाज बुडालें नाहीं, आणि नवरदेवहि वेळेवर पोहोंचला. मारणाऱ्या पक्षाकडे मात्र त्याच लढाईंत एका घरावर कुऱ्हाड कोसळली. 'यू-९५४' ही पाणबुडी साऱ्या खलाशांसह गेली, आणि तिच्यावर खुद्द ड्यॉनिट्स यांचा धाकटा मुलगा पीटर होता. त्या मे महिन्यांत जर्मनांनीं एकंदर ४१ पाणबुड्या गमावल्या, आणि २४ मे रोजीं ड्यॉनिट्स यांनीं उत्तर अटलांटिकमधून आपल्या पाणबुड्या मागें घेतल्या.

हें सर्व यश एका खोलींतल्या खेळाचें, असें म्हणणें सत्याला सोडून होईल. लांब पल्ल्याचीं विमानें, जहाजांवरील रडार, विमानें वाहून नेणाऱ्या लहान युद्धनौका, मदतीला धांवणारीं फिरतीं पथकें, जर्मनांच्या गुप्त लिपीचा उलगडा, हीं सारीं एकाच वेळीं फळाला आलीं. परंतु शस्त्र हातीं आलें तरी तें कोठें आणि केव्हां चालवावयाचें हें शिकावें लागतें. आणि तें शिकविणें हेंच त्या खोलीचें काम होतें.

शत्रूहि गप्प बसला नव्हता. १९४३ च्या सप्टेंबरांत जर्मनांनीं नवा टॉर्पेडो काढला. तो जहाजाच्या पंख्याच्या आवाजावर आपण होऊन धांवून जाई, आणि त्याचा रोख प्यादीं सोडून पहारेकऱ्यांवर होता. पाणबुडी दिसतांच तिच्यावर सरळ चालून जाणें ही शूर अधिकाऱ्याची सहजप्रवृत्ति. नेमकी तीच आतां घातक ठरूं लागली. पुन्हां लिनोलियमवर डाव मांडला गेला आणि 'स्टेप असाइड' ही युक्ति निघाली. सरळ न धांवतां आधीं एका बाजूस मोठें वळण घ्यावें आणि मग आडवाटेनें पाणबुडीवर यावें.

या साऱ्या डावांतून एकच शिकवण पुन्हां पुन्हां दिली जात होती, आणि ती शूर माणसाला पचण्यास सर्वांत कठीण होती. रक्षकाचें पहिलें काम पाणबुडी मारणें हें नव्हे. काफिला सुखरूप आणि वेळेवर पोहोंचविणें हें होय. आरमाराच्या लेखी सूचनांतहि तेंच प्रथम सांगितलेलें असे. पाणबुडीच्या मागें दूरवर धांवत गेलेली नौका कदाचित् एक शिकार मिळवून परत येई. तेवढ्यांत तिनें मोकळ्या सोडलेल्या जागेंतून दुसरी पाणबुडी चार जहाजें घेऊन जाई. पटावर हें हिरव्या रेघेंत दिसे. समुद्रावर मात्र त्याहून अवघड प्रसंग येत. बुडालेल्या जहाजाचीं माणसें पाण्यांत हाका मारीत असत. थांबून त्यांना उचलावें तर राखणीला भगदाड पडतें आणि थांबलेली नौका स्वतःच लक्ष्य होते. पुढें जावें तर त्या हाका जन्मभर कानांत राहतात. पुष्कळ काफिल्यांच्या पिछाडीला यासाठींच एक बचावाचें जहाज ठेवीत. पण तें नसलें म्हणजे निर्णय कप्तानाला एकट्याला करावा लागे. खडूच्या रेघेनें हें दुःख कमी होत नसे. फार तर, जो प्रश्न पुढें येणार तो आधीं शांतपणें एकदां विचारून घेतलेला असे, आणि दोन मिनिटांत उत्तर देतांना हात कमी कांपे.

युद्ध संपतांच १९४५ मध्यें ही शाळा बंद झाली. रॉबर्ट्स १९८६ सालीं वारले. तेथें काम केलेल्या स्त्रियांपैकीं बहुतेकींचीं नांवें दीर्घ काळ कोणाला माहीत नव्हतीं. अलीकडच्या वर्षांत त्यांच्यावर पुस्तकें निघालीं, आणि डर्बी हाऊसच्या तळघरांतील युद्धकाळचें ठाणें आज संग्रहालय म्हणून पाहावयास मिळतें.

१९४४ च्या जुलैंत न्यूयॉर्कहून 'एच. एक्स. ३००' हा काफिला निघाला. त्यांत १६० हून अधिक जहाजें होतीं, आणि त्यांच्या पोटांत दहा लाख टनांच्या आसपास माल होता. युद्धांतला हा सर्वांत मोठा काफिला. त्याच्या मार्गांत शत्रूनें एकहि जहाज बुडविलें नाहीं, म्हणून त्याची कथा कोणी फारशी सांगत नाहीं. बुडालेल्या जहाजाची बातमी होते. पोहोंचलेल्या जहाजाचें धान्य उतरतें, दळलें जातें, आणि कोणाच्या तरी घरीं सकाळीं पाव भाजला जातो. भट्टीपाशीं काम करणारा एखादा आगवाला त्या दिवशीं धक्क्यावर उतरून घरीं खुशालीचें पत्र धाडतो. राखणदाराचें यश एवढेंच असतें.